पापडांचे दिवस आणि दुसरी कॅप्सूल

आमच्या आळीत पापड एकटीने कोणी लाटत नसे. मार्च उलटला की बायकांचे दिवस ठरत, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जिच्या घरी दहा जणी लाटायला आल्या तिने त्या दहाही घरी जाऊन लाटलंच पाहिजे, आणि न गेलेलीचं नाव दिवाळीपर्यंत निघत राही. पेणमध्ये पोह्यांचे पापड म्हणजे चेष्टा नव्हे. पीठ तिखट, हिंग, पापडखार घालून भिजवायचं, तेलाच्या हाताने कुटायचं, दोऱ्याने लाट्या कापायच्या आणि मग इतकं पातळ लाटायचं की खालचं पोळपाट दिसावं. आईचा पापड तसा असे. मी कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाण्यात तरबेज होते. त्या चवीसाठी मी आजही कोणतंही पथ्य मोडीन.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. पाऊस संपल्यावर आईच्या गळ्याची गाठ मुंबईला नेऊन काढली. ऑपरेशन चांगलं झालं, पण टाके निघायच्या आतच तिच्या ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या आणि एका सकाळी तिचा उजवा हात आखडला. बोटं एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत ओढलेला. बांगड्या भरताना कासार हात दाबून धरतो ना, अगदी तसा. आई त्या हाताकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तशी बघत राहिली.

मी रोह्याला शाळेत शिकवायचे. रोज पेणहून एसटीने जाऊन-येऊन. शाळेजवळच्या डॉक्टरांकडे तिला नेलं. त्यांनी कागदावर गळा काढून समजावलं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्यांएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्यांच्या हार्मोनवर टिकतं, आणि ऑपरेशनमध्ये नेमका त्यांनाच धक्का बसला होता. म्हणून जेवणाबरोबर कॅल्शियमच्या गोळ्या आणि रोज एक बारीकशी कॅप्सूल. नावाला ते ड जीवनसत्त्व, पण शरीरात हार्मोनचंच काम करणारं, ताकदीचं. कमी पडलं तर हात आखडेल, ते लगेच कळेल. जास्त झालं तर कॅल्शियम चढेल, मूत्रपिंडं बिघडतील, आणि ते मात्र उशिरा कळेल. म्हणून दर महिन्याला आधी रक्त तपासायचं आणि मगच पुढच्या महिन्याच्या कॅप्सूल.

ते हिवाळ्यातले रोह्याचे दिवस मला फार आवडायचे. आई माझ्याबरोबर पहिल्या गाडीने यायची, नागोठण्याला गाडी थांबली की खिडकीतून चहा घ्यायची. रक्त देऊन झालं की शिक्षकांच्या खोलीत बसून माझ्या वर्गाच्या वह्यांना कव्हरं घालायची आणि दुपारी रिपोर्ट आला की डॉक्टरांसमोर शाळकरी मुलीसारखी हात पुढे करायची. हात सुटा असे. आम्ही दोघी डब्यातली भाकरी खाऊन खुशीत परत यायचो.

मग मी शहाणपणा केला. आईची एसटीने कंबर धरते, हात तर महिनोन्महिने छान आहे, असं म्हणून मार्चमध्ये ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून तीन महिन्यांच्या कॅप्सूल एकदम आणल्या. डॉक्टरांना विचारलं नाही. ते नको म्हणतील हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही.

एप्रिलमध्ये पापड सुरू झाले. पहिल्याच दिवशी चार तास लाटल्यावर आईच्या बोटांना मुंग्या आल्या. लाटून कोणालाही येतील, पण तिला धडकी भरली की दहा जणींसमोर हात कासाराच्या हातात दिल्यासारखा होणार. त्या दिवसापासून ती गुपचूप दुसरी कॅप्सूल घेऊ लागली. त्यात शेजारच्या मावशींनी भर घातली. त्यांचं घर मिठागरावर काम करणारं, पानाची चंची कायम कमरेला. कॅल्शियम म्हणजे चुनाच की, असं म्हणून त्या हरभऱ्याएवढा चुना ताकात कालवून तिला देऊ लागल्या. सगळं मायेपोटी.

मे महिन्यात आईला तहान लागायला लागली. पेणमध्ये मेमध्ये तहान कोणाला लागत नाही? ती तांब्यावर तांब्या रिकामा करायची, रात्रंदिवस लघवीला उठायची, जेवण समोर आलं की तोंड फिरवायची. दोनदा उलटी झाली. ऊन बाधलं, असं आळीने ठरवलं आणि आम्ही कोकमाचं सरबत पाजत राहिलो. शाळेला सुट्टी, त्यामुळे माझीही रोह्याची फेरी बंद.

आमच्या घरचा पापडांचा दिवस उजाडला. आई लाट्या कापायला बसली आणि दोरा हातात धरूनच थांबली. म्हणाली, "हे कोणाचं घर गो?"

बायका हसल्या. त्यांना थट्टा वाटली. मला वाटली नाही. मी आत जाऊन फडताळातला डबा उघडला. जूनपर्यंत पुरायच्या कॅप्सूलपैकी चार उरल्या होत्या.

मी तिला गदागदा हलवून विचारलं, तेव्हा कुठे तिने सांगितलं. "हात वाकडा झाला असता, तर त्यांच्या घरचे दिवस मी कशी फेडणार होते?"

जीप करून रोहा गाठलं. कॅल्शियम भलतंच चढलं होतं. सलाईन लागलं, कॅप्सूल, गोळ्या, चुना, सगळं बंद झालं. डॉक्टर तिला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "महिन्याच्याच का लिहून देतो, ते सांगितलं होतं ना?" मी मान हलवली. मूत्रपिंडं तगतील का, हे ते सांगू शकत नव्हते. मी तिच्या उशाशी बसून स्वतःला जितक्या शिव्या घातल्या, तितक्या आजवर कोणाला घातल्या नाहीत. माझी आई माझ्याच सोयीपायी जाईल, हीच एक भीती. तिकडे आळीतल्या बायकांनी आमचे पापड लाटून, वाळवून डबे भरून ठेवले होते.

हळूहळू ती शुद्धीत बोलायला लागली. मग एका सकाळी तिने मला खुणेने जवळ बोलावलं आणि चादरीखालून हात बाहेर काढला. बोटं चिकटलेली, अंगठा आत. मी धावत डॉक्टरांना आणलं. त्यांनी रक्त घेतलं आणि रिपोर्ट बघून ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. कॅल्शियम उतरून आता कमी पडत होतं, मूत्रपिंडं शाबूत होती. औषध पुन्हा सुरू करायचं, थोडं थोडं, मोजून. ज्या हाताला आम्ही सगळा हिवाळा घाबरलो, तोच हात घट्ट धरून मी हमसाहमशी रडले.

"रडतेस कशाला बाय?" आई म्हणाली. "माझाच हात हाय तो. वळखीचा."

पुढच्या वर्षी दर महिन्याच्या रोह्याच्या फेऱ्या तिने चुकवल्या नाहीत, मीही चुकवू दिल्या नाहीत. पापडांच्या दिवसांत तिने लाटणं सोडून दोरा घेतला. मुंग्या आल्या की आता ती लपवायची नाही. दोरा बाजूला ठेवून हात सगळ्यांसमोर परातीच्या काठावर ठेवायची. मग मावशी आधी स्वतःची चंची पदराखाली सारायच्या, मी डॉक्टरांना फोन लावायला नाक्यावरच्या बूथकडे निघायचे, आणि दहाही जणी लाटणी खाली ठेवून तिच्यासाठी थांबायच्या.