भर उन्हातली ज्योत

समस्त राष्ट्रांना गांभीर्याने कळवण्यात येते की, भारत-जर्मनी ऊर्जासहकार्य एका दुपारी डोणगावातल्या एका शेगडीपाशी अडले होते.

शेगडी मांडणारा गोबरगॅसचा मिस्त्री मला बसलेला कधी दिसलाच नाही. चहासुद्धा तो येरझारा घालत पिई आणि बोलता बोलता मध्येच थांबून गॅसचा वास घेई. त्या दिवशी दोन जर्मन इंजिनिअरांची खात्री पटली, तरच आणखी दहा घरांना गोबरगॅस मिळणार होता. पाहुण्यांना नीट दिसावी म्हणून त्याने शेगडी अंधाऱ्या स्वयंपाकघरातून अंगणात आणली आणि काडी लावली. भर उन्हात ती निळी ज्योत कुणालाच दिसेना. एका जर्मनाने वही मिटली.

"पेटली हाये ना साहेब, तुमाले काऊन दिसून नाई राह्यली?" मिस्त्री शेगडीभोवती गरगर फिरला. मग त्याने खास त्या दिवसासाठी घेतलेली कोरी टोपी डोक्यावरून काढून शेगडीवर धरली. टोपी भपकन पेटली. जर्मन दचकून मागे सरले, पण वही पुन्हा उघडली. मी मनातल्या मनात त्याला मुजरा केला.

घरधनीण केव्हाची पातेलं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, आता चहा मांडू का, का धोतरबी जाळून दाखोता?"