तीन पाण्यांच्या नोंदी

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाई कारखान्यात मी ‘ईडीपी इन्चार्ज’ होतो, म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणारा. पदाला इंग्रजी आद्याक्षरं लागली की माणूस स्वतःला केवढा समजू लागतो, याचा नमुना हवा असेल तर मी आहे. हाताखाली एकच बाई, आणि तीही माझ्याआधीपासून तिथे होती.

आमचा कॉम्प्युटर दोन लोखंडी कपाटांएवढा होता. उल्हासनगरच्या आमच्या सिंधी शेठनी तो ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीकडून जुना उचलला होता. कारखान्यात ब्लाउजच्या रुबिया कापडाला रंग देत. मॅचिंगच्या दुकानांना तोच रंग वर्षानुवर्षं अगदी तसाच लागतो, कारण बायका साडीचा पदर हातात घेऊन उभ्या असतात आणि उन्नीस-बीस चालवून घेत नाहीत. कुठल्या शेडला, म्हणजे रंगछटेला, कोणता रंग किती, मीठ किती, सोडा किती, हे सगळं त्या मशीनमध्ये होतं. सकाळी बाई शेडचा नंबर घालायची, कागद छापायची आणि तो खाली रंगखात्यात जायचा.

सगळ्या कारखान्यात एसी फक्त मशीनला होता, म्हणजे मलाही. चपला बाहेर काढाव्या लागत. खालचे कामगार दारातून वाकून बघत, एखादा हातही जोडी. तो नमस्कार मशीनला असतो हे मला कळत होतं, तरी मान हलवून मीच तो घेत असे.

नव्वदनंतर उल्हासनगरच्या दुकानांतून जोडून दिलेले छोटे पीसी मिळू लागले. आमच्या मशीनचा एखादा भाग गेला तर तीन-तीन आठवडे मिळत नसे. शेठनी विचारलं, हे ठेवायचं की बदलायचं? खरं सांगायचं तर मला ठेवायचं होतं, एसीसाठी. पण शेजारच्या कारखान्यातला एकजण चारचौघांत म्हणाला की मी म्युझियमचा वॉचमन आहे. ते मला भलतंच झोंबलं आणि मी इंग्रजीत अकरा पानी रिपोर्ट लिहिला. मशीन बदलावं, असा.

त्यातले बरेच मुद्दे बरोबर होते. पण बरोबर मुद्द्यांवर माझं भागेना. मशीनच्या फाईलमध्ये प्रत्येक शेडच्या तीन-तीन नोंदी मला सापडल्या होत्या, आकडे किंचित वेगळे. मी लिहिलं, हा ऑपरेटरचा निष्काळजीपणा आहे, आणि नव्या पद्धतीत वेगळ्या ऑपरेटरची गरज नाही. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याखाली रेघ ओढली.

शेठनी रिपोर्ट मानला. बाईला पुढच्या महिनाअखेरीची नोटीस मिळाली. ती बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून एसटीने बदलापूरला आणि तिथून पुढे अंबरनाथला यायची. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, भातशेती नावापुरती, धाकटी मुलगी दहावीला. घर तिच्या पगारावर चाललं होतं. तिने मला एकदाच विचारलं की तिचं काही चुकलं का. मी म्हणालो, शेठचा निर्णय आहे. असं बोलायला मला जराही अडखळावं लागलं नाही.

मग मी फाईल ‘साफ’ केली. प्रत्येक शेडची पहिली नोंद ठेवली, बाकीच्या उडवल्या, उरलेलं नव्या पीसीत घातलं. कागद आता मीच छापू लागलो, बाईला खाली गोदामाच्या वहीवर बसवलं. जुनं मशीन भंगारवाल्याने टेम्पोत घालून नेलं. जुन्या नोंदींच्या प्रती टेपवर माझ्या कपाटात होत्या, पण त्या वाचू शकणारं एकमेव यंत्र त्याच टेम्पोत होतं.

पुढच्या आठवड्यात धरणाच्या पाण्याची कपात सुरू झाली आणि राणी रंग मळका जांभळा यायला लागला. मग लाल बिघडला, मग मोरपंखी. दुकानदारांनी तागे परत पाठवले. मी प्रिंटरला दोष दिला, विजेला दिला, शेवटी व्हायरसला दिला. तो शब्द नुकताच आला होता आणि मला फार उपयोगी पडला.

बाईचे शेवटचे चार दिवस उरले होते. माझ्या हातातला कागद बघून तिने विचारलं, “सायेब, आज पाणी कंचं हाय?”

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने समजावून सांगितलं. पाइपाने येतं ते धरणाचं पाणी हलकं, कारखान्यातल्या बोअरिंगचं जड, आणि कपातीत कधी दोन्हींची मिसळ. जड पाण्यात तोच रंग वेगळा चढतो. म्हणून, आता गावी निघून गेलेल्या जुन्या रंगमास्तरांबरोबर बसून तिने एकेका शेडच्या तीन नोंदी बसवल्या होत्या, तीन पाण्यांच्या. मी ठेवलेली पहिली नोंद धरणाच्या पाण्याची होती. रोज सकाळी ती बाटलीत नळाचं पाणी घेऊन त्यात साबणाचा तुकडा टाकायची, हलवायची आणि फेस किती येतो त्यावरून ठरवायची की आज कुठली नोंद. ती बाटली मी वर्षानुवर्षं रोज पाहत होतो. मला वाटायचं, बाई टापटिपीची आहे, बाटली धुतेय.

त्याच दुपारी शेठनी आम्हा दोघांना बोलावलं. मला म्हणाले, “साईं, पुराने में ऐसा क्या था जो इसमें नहीं है?”

जुनं मशीनच चांगलं होतं, असं म्हणून सुटता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. बाई शेजारी उभी होती आणि खाली बघत होती. मी म्हणालो, “मशीनमध्ये बाईचं काम होतं, शेठ. ते मी पुसलं.”

शेठनी ड्रॉवरमधून माझा रिपोर्ट काढला, रेघ ओढलेलं वाक्य शोधलं आणि ते बाईला मराठीत वाचून दाखव, असं मला सांगितलं. मी वाचलं. निष्काळजीपणा हा शब्द तोवर मला कधी इतका लांब वाटला नव्हता. शेठनी नोटीस फाडली.

दुसऱ्या दिवसापासून बाई आठवून सांगू लागली आणि मी टाइप करू लागलो. पंधरा दिवस आम्ही तेच करत होतो. बऱ्याच नोंदी तिला तोंडपाठ होत्या. पण ज्या शेड वर्षातून एकदाच लागत, त्यांचे आकडे तिलाही आठवेनात. अशी शेड आली की ती थोडा वेळ डोळे मिटून बसायची.

“ही गेली, सायेब,” ती म्हणायची, आणि मी पुढचा नंबर वाचायचो.