बंदूक चालते फक्त डब्ब्यावर

आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से सांगितले की लोक विचारतात, "खरंच असं झालं का?" अहो, खोटं रचायला डोकं शांत लागतं. या मंडळींनी ते कुठं ठेवलंय!

तर आमच्याकडं एक जुना गेम आहे. टीव्हीला जोडायचा, प्लॅस्टिकची बंदूक पडद्यावर रोखायची आणि गुंड टिपायचे. गुण एकच, पण लई मोठा. शिकावं लागत नाय. बंदूक हातात आली की माणूस सुरूच होतो.

दोष विचारू नका! सगळ्यात मोठा म्हणजे ही बंदूक नव्या एलईडीवर चालतच नाय. जुना, पिक्चर ट्यूबवाला, दोघांना उचलत नाय असा डब्बा टीव्हीच लागतो. तो औरंगपुऱ्यातल्या आमच्या हॉलमध्ये ठाण मांडून बसलाय. आणि आमच्या सौभाग्यवतींनी, वंदनानं, बजावलंय, "दिवाळीच्या साफसफाईआधी हा डब्बा गेला पाहिजे. नाहीतर तुम्ही!"

इकडं सहा वर्षं झाली, शेवटच्या लेव्हलचा गुंडांचा सरदार कुलकर्णी, भाऊसाहेब आणि मी, आम्हा तिघांपैकी कुणालाच मारता आला नाय. डब्बा गेला की तो कायमचा वाचला!

*

कुलकर्णी, रिटायर्ड बँकवाले. गेमचा दुसरा दोष असा की गुंड दरवेळी त्याच जागेवरून, त्याच क्रमानं निघतात. कुलकर्णींनी त्याचा तक्ता केला. टाइप करून, लॅमिनेट करून! एका हातात तक्ता, एका हातात बंदूक. "क्रमांक सात, पिंपामागून, निळा शर्ट," असं वाचून मान वर करेपर्यंत निळ्या शर्टानं यांना आडवं केलेलं.

मी वैतागून म्हटलं, "अहो, पाठ करा ना!"

"पाठच आहे हो. पण खात्री नको का करून घ्यायला?"

*

भाऊसाहेब देवगाव रंगारीचे. शेती तिकडं, नोकरी इथं. मक्यातली रानडुकरं हाकलण्यात सगळं लहानपण गेलेलं. नेम एक नंबर! पण गुंड दिसला की आधी "हाऽऽड! हाऽऽड!" अशी आरोळी, मगच गोळी. तोवर खेळ खलास.

"भाऊसाहेब, त्याला ऐकू येत नाय!"

"व्हय, पण आधी हाकलून बघावं. जात असंल तर कशाला जीव घ्यायचा?"



*

बंदुकीला उजेडही सोसत नाय. खिडकीतून ऊन आलं की नेम हुकतो. म्हणून मे महिन्यात, भर दुपारी, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. आत तीन घामाघूम बाप्ये ओरडतायत, "डोक्यात हाण! अजून एक हाण!"

समोरच्या काकू लाटणं आणि पोळपाट घेऊन धावत आल्या. सगळा प्रकार समजावून सांगितल्यावर मी विचारलं, "काकू, लाटणं समजलं. पोळपाट कशाला?"

"अडवायला!"

*

गोळ्या संपल्या की पडद्याबाहेर नेम धरून चाप ओढायचा, म्हणजे नव्या भरल्या जातात. मला उजवीकडं ओढायची सवय. उजवीकडं सासरेबुवांचा फोटो.

एके दिवशी वंदनाच्या हे लक्षात आलं. "माझ्या बाबांवर सहा वर्षं गोळ्या झाडताय?"

मी लगेच फोटो डावीकडं लावला. कुलकर्णी डावखुरे निघाले! तिनं तिथल्या तिथं भंगारवाल्या चाचांना फोन लावला.

*

चाचा रविवारीच आले, दोरी घेऊन. आम्ही शेवटच्या लेव्हलला. भाऊसाहेब मेले, कुलकर्णी मेले, मीही मेलो. एकच चान्स शिल्लक. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं.

चाचा पडद्याकडं बघत म्हणाले, "मैं मारूँ क्या?"

म्हटलं, "मारा! आता काय राहिलंय!"

चाचांनी बंदूक घेतली. एक पाय पुढं टाकला. धाड, धाड, धाड! सरदार जिन्यावरून गडगडत खाली आला आणि पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकायला लागली. सहा वर्षांत आम्ही ती नावं कधी बघितलीच नव्हती.

वंदना पदराला हात पुसत बाहेर आली. "काय चाचा, नेताय ना?"

चाचांनी दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली.

"भाभी, टीवी यहींच रैने देव. ये लोगां संडे कू कित्ते बजे बैठते?"