पोहता न येणारा मिस्त्री

मित्राने धरणात फिरवायला जुनी शिडाची बोट आणली. तिचं वायरिंग बदलायला, इंजिन दुरुस्त करायला अकोल्याहून एक मिस्त्री आला. नाव मी विचारलंच नाही. जोड आवळला की तो वायर दातात धरून ओढून पाहायचा.

चाचणीला त्याने मलाही सोबत घेतलं. धरणाच्या मध्यावर त्याने मुद्दाम इंजिन बंद केलं. वारा पडलेला, शीड नुसतं लोंबत होतं.

"आता नव्या बॅटरीवर लागते का पाहू," तो म्हणाला. "मले पोहता येत नाई."

मी त्याच्या अंगाकडे पाहिलं; लाइफ जॅकेट नव्हतं. "मंग जॅकेट काहून नाई घातलं?"

"जॅकेट असतं तं एखादा जोड ढिला रायला असता माह्याच्यानं."

त्याने बटण दाबलं. इंजिन लागलं. काठ येईपर्यंत मी माझं जॅकेट दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.