अर्धी ओळ

उस्तानीबी कुणालाही ओळ अर्धी टाकून उठू द्यायची नाही. मग ते सहा वर्षांचं लेकरू असो की माझ्यासारखी नातवंडं झालेली बाई. तुर्भ्याच्या आमच्या वस्तीत तिची एक खोली होती. तिथं रोज सकाळी बारा-पंधरा पोरं कुराण वाचायला शिकायची. कुणाला लघवी लागली तरी आधी ओळ पुरी, मग बाहेर. एकदोघांच्या चड्ड्या ओल्या झाल्या. त्यांच्या आया भांडायला आल्या, तर ही म्हणाली, "चड्डी धुता येती. अर्धी राहिलेली ओळ कशानं धुवू?"

तिला मला देवमाणूस करून ठेवायचं नाही. ती मिश्री लावायची, सुनेला घालूनपाडून बोलायची, आणि कुणाचं कौतुक म्हणून करायची नाही. हातात सदा ताडाचा पंखा. वाचताना चूक झाली की पंख्याच्या दांड्यानं जमिनीवर टकटक करायची. मारलं मात्र एकालाही नाही. त्या टकटकीनंच पोरं सरळ व्हायची. पुढं नोकरीला लागलेले बाप्येसुद्धा दारावरून जाताना आवाज खाली करायचे.

एकदा सकाळी पाण्याचा टँकर आला. सगळी वस्ती हंडे घेऊन पळाली. शेजारच्या हसीनाची पोर ओळीच्या मध्यात होती. हसीना दारातून ओरडली, "बी, सोडा तिला! हंडा धरायला माणूस नाय!"

"सोडते. ओळ होऊ दे."

ओळ झाली तोवर टँकर रिकामा. हसीनानं दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवला. संध्याकाळी उस्तानीबीनं आपल्या पिंपातलं दोन हंडे पाणी स्वतः नेऊन तिच्या दारात ठेवलं. माफी मागितली नाही.

मी तिच्याकडे गेले ती मालक वारल्यावर. माझं माहेर साताऱ्याकडचं. गावात आमचं एकच मुलाण्याचं घर. मराठी शाळेत चौथी झाले, पण कुराण शिकवायला गावात कुणी नव्हतं. नमाजापुरतं आईकडून ऐकून पाठ केलं होतं, तेवढंच. आमच्यात माणूस शेवटच्या घटकेला आला की उशाशी बसून कुराणातला यासीन नावाचा भाग वाचतात. मालक तसे झाले तेव्हा मी कुराण उघडून बसले आणि नुसती अक्षरांकडे बघत राहिले. लेक उस्तानीबीला बोलवायला धावली. त्या दोघी येईपर्यंत मालक गेले होते. छत्तीस वर्षं संसार केला, आणि जाताना त्या माणसाच्या कानावर चार ओळी घालता आल्या नाहीत मला.

मालकांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर उस्तानीबी आली. "रडून झालं का, मुलाणीण? झालं असलं तर उद्यापासून पोरांत बस."

"या वयात?"

"मग काय तुझ्या मयताला आल्यावर शिकवू?"

पहिल्याच दिवशी माझं हसं झालं. पोरांचं पहिलं पुस्तक, कायदा म्हणतात त्याला, तिनं माझ्या हातात दिलं. मी ते आपल्या मराठी पुस्तकासारखं उघडलं आणि डावीकडून बोट लावलं. एक पोरगी किंचाळली, "आजी शेवटून वाचती!" सगळी खोली खिदळायला लागली. पंखा वाजला. "हसू नका. तिला एक वाचता येतं म्हणून दुसरं चुकलं. तुम्हाला अजून एकबी येत नाही." माझी बाजू तिनं घेतली ती एवढीच.

यासीनपर्यंत पोचायला मला चार वर्षं लागली. त्यात एक जागा अशी होती, की तिथं माझी जीभ हमखास घसरायची. तिथं टकटक ठरलेलीच.

एकदा गावाहून जावेचा फोन आला. मी ओळीच्या मध्यातच उठले, तर म्हातारीनं मनगट धरलं. मला राग आला. "बी, मी काय पोर आहे? साठीची झाले."  तिनं ओळ पुरी करवून घेऊनच मनगट सोडलं. पोरं गेल्यावर चुलीपाशी... म्हणजे गॅसपाशी, पण ती चूलच म्हणायची, तिथं बसून तिनं सांगितलं.

तिचं गाव मराठवाड्यातलं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. आधी रझाकारांनी लोकांना छळलं, मग त्याचा सूड ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावरही निघाला. तिची आई गावातल्या पोरींना घरी कुराण शिकवायची. त्या सकाळी आई-लेक दोघीच वाचत होत्या. गल्लीत आरडाओरडा झाला. आई अर्ध्या ओळीवरून उठली. म्हणाली, "बाकीचं उद्या." आणि मागच्या दारानं तिला पाटलिणीच्या घरात ढकललं. पाटलिणीनं पोरीला चार दिवस कणगीआड लपवलं.

"आणि आई?"

तिनं चहा गाळला.  मी पुन्हा विचारलं नाही.

"उरलेली अर्धी ओळ मला सात वर्षांनी मिळाली," ती म्हणाली. "मावशीच्या गावात एक म्हातारी होती, तिच्याकडनं. तोवर रोज तेवढीच म्हणायचे. पुढं रस्ताच नव्हता."

त्यानंतर मी कधी मध्येच उठले नाही.

म्हातारपणी तिचा लेक तिला कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये न्यायला बघायचा. ती म्हणायची, "तिथं लिफ्ट हाय, गॅलरी हाय. लेकरं कुठं हायत?" शेवटी अंथरूण धरलं तेव्हा लेक-सूनच इकडे येऊन राहिले. पंखा उचलत नव्हता. पोरं खाटेभोवती बसायची, आणि चूक झाली की ती एका बोटानं खाटेच्या कडेवर टकटक करायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सुनेनं मला बोलावलं. उस्तानीबीला ऊर्ध्वश्वास लागला होता. लेक डॉक्टरला आणायला गेला होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि कुराणाकडं बघितलं. मी हातपाय-तोंड धुऊन वजू केली, उशाशी बसले आणि यासीन उघडला. या वेळी कुणाला बोलवायला धावायची गरज नव्हती.

वाचत गेले. दोन जागी चुकले, दोन्ही जागी बोट वाजलं. मग ती माझी नेहमीची जागा आली. जीभ घसरली. मी टकटकीची वाट बघत थांबले.

ती आली नाही.

मान वर करून बघितलं. सून रडायला लागली, "अम्मा..." म्हणत माझा खांदा हलवू लागली. मी तिला हातानं थांबवलं. चुकलेला शब्द पुन्हा घेतला, नीट म्हटला, ओळ पुरी केली. मग उठले.