आमच्या लॉन्सचं झोपलेलं गवत

उपास असला की माणूस जास्त बोलतो, असं माझं मत आहे. तोंडाला दुसरं काम नसतं ना! आणि माझे उपास म्हणजे सोमवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, शिवाय मधूनच कुणासाठी तरी धरलेले. आमच्या भजनी मंडळातल्या बाया भगर निवडायला बसल्या की म्हणतात, "वैनी, तुमच्या त्या गवताचं काहीतरी सांगा." एक सांगायला घ्यावं तर दुसरं आठवतं, आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरं असतं. त्यातलं निम्मं मला स्वतःला अजून नीट कळलेलं नाही. पण घडलं तसं लिहिते.

कळंबजवळ हायवेला लागून आमचं लग्नाचं लॉन्स आहे. आधी खरं गवत होतं. ऐन लग्नसराईत पाणी कमी पडायचं, म्हणून ह्यांनी ते काढून प्लॅस्टिकचं गवत बसवलं. यंदा आमच्या प्राजक्ताचं लग्न ठरलं. आता स्वतःचं लॉन्स असताना लेकीचं लग्न कुठं होणार, हा काय प्रश्न झाला? पण झाला. आणि तोही त्या गवतामुळेच!

* * *

गवत बसवायला पुण्याहून कंपनीचे एक साहेब आले होते. तरुण, सालस, वाक्यागणिक "ताई" म्हणणारे. मी चहा घेऊन गेले तर ते ह्यांना समजावत होते, "गवत महत्त्वाचं नाही. इनफिल महत्त्वाचं!"

मी विचारलं, "ते काय असतं?"

"ताई, गवताच्या पात्यांमध्ये आम्ही पांढरी वाळू भरतो. तिच्यावर टायरचा बारीक काळा चुरा. वाळूच्या आधारानं पातं उभं राहतं, चुऱ्यामुळे पायाला मऊ लागतं. बघणाऱ्याला मात्र फक्त गवत दिसतं."

"म्हणजे दिसतं ते खोटं, आणि दिसत नाही ते खरं?"

"अगदी बरोबर ताई!"

मी कप खाली ठेवला. "अहो, हे तर आमचे बुवा दर सप्ताहात सांगतात!"

* * *

तो काळा चुरा पहिल्याच महिन्यात घरात राहायला आला. बुटांतून, मोज्यांतून, साडीच्या काठातून. आमच्या सासूबाईंना आता नीट दिसत नाही, पण सांडलेला दाणा त्यांना सहन होत नाही. उंबऱ्यापाशी बसून त्या रोज बोटांनी काहीतरी वेचायच्या. मला वाटायचं, जप चाललाय. मी बोलायचे नाही.

एके सकाळी घरभर विचित्र वास सुटला. हे अंगणातूनच ओरडले, "अगं, हायवेला कुणाचा टायर पेटला का काय?"

मी स्वयंपाकघरात धावले. सासूबाई कढईसमोर झारा घेऊन उभ्या! मला म्हणाल्या, "सूनबाई, दुकानदारानं मोहरी जुनी दिली बघ. कवाधरनं तापतीया, पन तडतडंना!"

* * *

लग्न म्हटलं की अक्षता आल्या. मंगलाष्टकं संपली की आमच्या गवतात तांदूळच तांदूळ. कुंकवात रंगलेले, पात्यांच्या बुडाशी जाऊन बसलेले. मग मुंग्या. मग चिमण्या. मग उंदीर! खऱ्या गवतात ते कुजून मातीत जायचे. इथं जायचे कुठं?

ह्यांनी वारा मारायचं मशीन आणलं आणि सखारामभाऊंच्या खांद्याला अडकवलं. सखारामभाऊ भीमाशंकरच्या बाजूचे. पावसाळ्यात तिकडं भातशेती करतात आणि बाकीचं वर्ष आमच्या लॉन्सची देखभाल. ह्यांनी त्यांना एवढंच सांगितलं, "एक दाणा दिसता कामा नये."

भाऊ शब्दाचे पक्के. प्रत्येक लग्नानंतर भर्रर्र! लॉन्स घासलेल्या ताटासारखं दिसायचं. फक्त गवत काही धड दिसेना. आधी वाकलं, मग कलंडलं, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत सपशेल आडवं झालं.

ह्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "आत इनफिल किती उरलंय ते बघितलं का?"

हे छाती फुगवून म्हणाले, "साहेब, त्याची काळजीच नको. एकदम स्वच्छ! कणसुद्धा ठेवला नाही!"

पलीकडे इतकी शांतता पसरली की हे मला म्हणाले, "रेंज गेली वाटतं."

* * *

त्याच आडव्या गवतावर एका लग्नाला पिंपळवंडीच्या एक बाई आल्या होत्या. उंच, ठसठशीत, बोलायला सडेतोड. पुढं दोन महिन्यांनी त्यांच्याच मुलाचं स्थळ आमच्या प्राजक्ताला आलं. मुलगा गुणी, घर कष्टाळू. आम्ही सगळे खूश. सुपारी फुटायच्या आधी विहीणबाई म्हणाल्या, "पोरगी आमाला पसंत हाय. पन लगनाची जागा आमी बघूनच सांगू."

हे हसत म्हणाले, "जागेचं काय! घरचंच लॉन्स आहे की."

"तेच म्हनतीया. म्या आलेली तिथं. गवत हाय का आजाऱ्याचं हातरुन? सगळं झोपल्यालं! आन् कडंला साचल्यालं ते काळं दानं पैठणीला, दोन दिस झटकत व्हते. हायवेला दुसरी लॉन्सं न्हाईत का?"

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला म्हणाले, "लोकांच्या लेकींची लग्नं लावतो मी. आणि माझ्या लेकीचं लावायला दुसऱ्याच्या दारात उभा राहू?" प्राजक्ता नुसती लॉन्सच्या कडेला जाऊन उभी राहिली. लहानपणापासून तिथंच खेळली ती.

मला राहवलं नाही. मी भीमाशंकराला हात जोडले आणि बोलून गेले, "देवा, हे गवत उभं राहू दे. विहीणबाईंचा होकार येईपर्यंत मी लॉन्सला रोज अकरा प्रदक्षिणा घालीन."

हे म्हणाले, "अगं, प्रदक्षिणा देवाला घालतात!"

आता देवाला लॉन्सवर बोलवायचं तर आधी कुणीतरी फेऱ्या घालायला नकोत का? मला तरी तसंच वाटलं.

* * *

नव्या वाळूची पोती आली ती ऐन पावसात. वाळू कोरडी असताना, कोरड्या गवतातच भरायची, असा साहेबांचा सक्त हुकूम. म्हणून पोती शेडमध्ये ठेवली. तेवढ्यात हरतालिका आली.

हरतालिकेला वाळूची पिंड करायची तर आम्ही घोडनदीची वाळू आणतो. पण नदीला पाणी सोडलेलं, काठाशी जाता येईना. मी म्हटलं, घरात इतकी शुभ्र, धुतलेली वाळू असताना चिंता कसली? एक पोतं फोडलं. वाळू काय सुंदर! साखरेसारखी! बाया हरखून गेल्या.

पिंड केली. ढासळली. पाणी शिंपडून परत केली. परत ढासळली. सकाळपासून पाण्याचा घोट नाही, पंधरा जणी गोल बसलेल्या, आणि महादेव काही उभे राहीनात. कुणीतरी हळूच म्हणालं, "वैनी, तुमी काय चुकला-बिकला न्हाई ना?" लेकीचं लग्न तोंडावर आलेलं!

मी थेट साहेबांना फोन केला. "साहेब, तुमची वाळू बसत नाही हो!"

साहेब खूश. "व्वा ताई! उत्तम माल आलाय म्हणजे. दाणा गोल आहे ना, तो घट्ट बसत नाही. न बसणं हाच तिचा गुण!"

"पण मला तिचा महादेव करायचाय!"

साहेब अगदी मनापासून म्हणाले, "ताई, आमच्या मॅन्युअलमध्ये तसं काही दिलेलं नाही."

शेवटी शेजारच्या काकूंनी परसातली मूठभर काळी माती तीत कालवली, तेव्हा कुठं महादेव बसले.

* * *

दसऱ्यानंतर ऊन पडलं. वाळू भरायला साहेब स्वतः आले. थर पातळ हवा, सारखा हवा, एका जागी ढीग नको, असं ते तासभर समजावत होते. सखारामभाऊंनी ऐकून घेतलं, पाटी कमरेवर ठेवली आणि मुठीनं वाळू फेकत चालू लागले. पाय संथ, हात सारखा. भाताचं रोप टाकायला बी फेकतात ना, अगदी तसं.

साहेब बघतच राहिले. मोबाईल काढून व्हिडिओ घेतला. म्हणाले, "भाऊ, आमच्या मशीनलाही इतकं एकसारखं जमत नाही!"

भाऊ थांबले. घाम पुसला. गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सायेब, उगवतं किती दिसांनी?"

ते खरंच विचारत होते की चेष्टा करत होते, हे साहेबांना कळलं नाही. मला तर आजवर कळलेलं नाही.

* * *

वाळू टाकून काम संपत नाही. ती पात्यांच्या बुडाशी जायला हवी, नाहीतर पातं तिच्याखालीच दबून जातं. त्यासाठी ब्रशचं मशीन फिरवतात. मशीननं निम्मं लॉन्स केलं आणि बंद पडलं. निम्मं गवत उभं, निम्मं आडवं! मशीन दुरुस्तीला पुण्याला गेलं.

त्यात साहेबांना कडेनं एक लांबलचक पट्टा दिसला. "इथं गवत जास्तच दबलंय. रोज कोण चालतं इथून?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

साहेब म्हणाले, "ताई, एकाच दिशेनं चालू नका. उलटंही चाला, म्हणजे पातं उठेल."

"उलटी प्रदक्षिणा? पाप लागेल साहेब!"

आता माझ्या नवसानंच गवत झोपत होतं, आणि नवस मोडला तर ते उठणार कसं? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी सासूबाईंना सांगितलं, तर त्या माळ ओढता ओढता म्हणाल्या, "नवस कुनाला बोललीस?"

"भीमाशंकराला."

"मंग? महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत्यात व्हय? पन्हाळीपातुर जायाचं, तिथनं मागं फिरायचं. चाळीस वर्सं मंदिरात जातीयास!"

साहेबांना मी हे फोनवर कळवलं. ते म्हणाले, "ताई, हे मात्र मॅन्युअलमध्ये घालायला हवं!"

* * *

दिवाळी झाली, तरी मशीन आलं नव्हतं. आणि एका सकाळी गेटपाशी जीप थांबली. विहीणबाई! बरोबर त्यांच्या भावकीतल्या चार बाया. म्हणाल्या, "पुण्याला चाललो व्हतो, म्हनलं जागा बघून जावी."

हे त्यांना उभ्या गवताकडं न्यायला लागले. "या, या, इकडून या. इकडं स्टेज."

विहीणबाईंनी चपला काढल्या आणि सरळ आडव्या गवताकडं निघाल्या. मधोमध जाऊन थांबल्या. वाकल्या. बोटांनी वाळूखालचं एक पातं उचललं. ते उभं राहिलं. शेजारचं उचललं. तेही उभं राहिलं.

"हे असं दबून का ऱ्हायलंय?"

मी भीत भीत सांगितलं, "वाळू खाली जायला हवी. मशीन दुरुस्तीला गेलंय."

त्या तिथंच उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हातांची बोटं गवतात घातली. सरसर सरसर. दोन हात गवत उभं करून पुढं सरकल्या. बाकीच्या बाया जरा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग एकीनं पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसली. मग दुसरी. कांदा खुरपायला बाया ओळीनं बसतात आणि आपापली पात, म्हणजे वाट्याला आलेला पट्टा, धरून पुढं सरकतात, तशा पाचही जणी प्लॅस्टिकच्या गवतात पात धरून निघाल्या! गप्पा सुरू. कुणाचा कांदा लावून झाला, कुणाची सून बाळंत झाली. लग्नाचा विषयच नाही!

हे चहाचा ट्रे घेऊन कडेला उभे. मला डोळ्यांनी विचारत होते, हो म्हणाल्या की नाही? मला काय कळणार! प्राजक्ता दारात ओढणीचं टोक चावत उभी. चहा थंड झाला. त्यांच्या मागं गवत हिरवंगार उभं राहत चाललं होतं, आणि पुढं अजून बरंच आडवं होतं.

शेवटी मीच धीर केला. जवळ जाऊन म्हटलं, "विहीणबाई, हात दुखतील. राहू द्या ना. आधी तेवढं जागेचं काय ते सांगा."

त्यांनी मान वर केली नाही. हात तसेच चालू. म्हणाल्या, "राहू द्या काय? आमच्या पोराची वरात असल्या तणातनं आनायची व्हय? बसा खाली, धरा तुमी बी एक पात!"