आईनं लिहिलेलं नाव

काल नातीनं शाईचं पेन भरलं आणि त्या वासानं मी थेट वडनेर भोलजीच्या चावडीत जाऊन बसले.

आम्हाला शेत नव्हतं. बाबा दुसऱ्यांच्या वावरात राबायचे, आई कापूस वेचायची. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या त्या काळात मत सगळ्यांना नव्हतं. बिनजमिनीच्या, अडाणी बाबांना तर नव्हतंच. पण लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला होतं, आणि आई माहेरी चौथी शिकली होती. तिला मतदारांच्या यादीत नाव हवंच होतं, म्हणून ती बाबांना अन् मला घेऊन चावडीत गेली.

"मजुराची बायको अन् लिवते?" पटवारी हसला. "बरं, नवऱ्याचं नाव सांग."

नवऱ्याचं नाव आई कधी तोंडानं घेत नसे. चावडीत खसखस पिकली.

"सांगता येत नसन त घरी जाय, बाई."

आईनं पदर सावरला, त्याच्या पुढ्यातला टाक उचलून दौतीत बुडवला आणि कागदावर ठळक लिहिलं, नारायण.

पटवाऱ्यानं आईचं नाव यादीत चढवलं.

बाबा ओल्या अक्षरांवर वाकले. बोट लावावं की नाही, त्यांना कळेना. "हे माह्यं नाव हाय काय वं?"

"हाव."

"चारचौघांत माह्यं नाव घेतलं तुनं!"

"घेतलं कुठी? लिवलं."

तेव्हा मी नुसती हसले. पुढे घरातली पहिली बी.ए. झाले, पदवीच्या कागदावर माझं नाव वाचलं, तेव्हा उमगलं, बाबा त्या दिवशी स्वतःचं नाव पहिल्यांदा पाहत होते.

त्या निवडणुकीत आमच्या घरातून एकच मत पडलं. ते आईचं होतं.